जरा शांतता ऐकायला या

कुणाकडे गाणं ऐकायला गेलं की गाणं संपल्यावर दाद द्यायची, एवढाच आपल्याकडचा शिरस्ता. ज्याच्या घरी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर आहे त्याच्याकडे मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीच मत द्यावं लागतं. तुम्ही चपला काढताय तोवर यजमान पंखा बंद करतो. मग खिडक्या लावतो. मग आत जाऊन फ्रीज बंद करतो. आतून "अहो, दूध आहे त्यात!" असा आवाज येतो, त्याला "पाचच मिनिटं!" असं उत्तर जातं, आणि मे महिन्यातल्या पुण्याच्या दुपारी, बंद खोलीत, दोन प्रौढ गृहस्थ एका भल्यामोठ्या स्पीकरच्या तोंडाशी कान नेऊन उकिडवे बसतात. वाजत काहीच नसतं.

"येतंय ना?" यजमान कुजबुजतो. मोठ्यानं बोलायची सोय नसते, कारण मोठ्यानं बोललं तर ते ऐकू येत नाही.

तुम्ही मान हलवता. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत असतो.

"डावीकडे जास्त, की उजवीकडे?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. डावीकडे म्हणालात तर तो म्हणतो, "मला वाटलंच, डावा व्हॉल्व्ह परवाच बदललाय." उजवीकडे म्हणालात तर "उजवा अजून बदललेला नाही." दोन्हीकडे सारखंच म्हणालात तर चेहरा पडतो, कारण दोन्ही व्हॉल्व्ह घ्यावे लागणार. आणि "मला काहीच ऐकू येत नाही" असं म्हणालात तर तुमच्या कानांबद्दल त्याच्या मनात कायमची नोंद होते. यापुढे तुम्हाला चहा मिळेल, मत विचारलं जाणार नाही. घरातल्या बाईमाणसांनी हे उत्तर पहिल्या आठवड्यातच देऊन स्वतःची सुटका करून घेतलेली असते.

माझ्या ओळखीत या जमातीचे बरेच जण आहेत. एक डोळ्यांचे डॉक्टर, एक निवृत्त बँक अधिकारी, एक गिअरच्या कारखान्यात जन्म काढलेले इंजिनिअर. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. साठीनंतर बारा हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण ज्याच्यासाठी स्पीकरला कान लावायचा तो 'सूं' हा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्टीत पसरलेला असल्यामुळे जेवढी पट्टी शिल्लक आहे तेवढ्यात तो पुरेसा सापडतो. बाकीची पट्टी डॉक्टर नातीकडून उसनी घेतात. नात सात वर्षांची आहे. तिला स्पीकरसमोर उभं केलं की ती डोळे मिटते आणि निकाल देते, "आजोबा, त्याच्यात." या निदानावर एकदा परदेशातून व्हॉल्व्ह मागवला गेला आहे.

आता या जमातीत नसलेल्या वाचकासाठी थोडं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची ती बोटाएवढी कुपी, जिच्या पोटात नारिंगी दिवा लागतो. रेडिओत असायची, मग ट्रान्झिस्टर आला आणि ती गेली, असं सगळ्यांना वाटत होतं. ती गेली नाही. प्रीअँप्लिफायर म्हणजे सीडी प्लेअर किंवा रेकॉर्ड प्लेअरकडून आलेला बारीक सिग्नल मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याजोगा करणारा मधला मध्यस्थ. या मध्यस्थात बऱ्याचदा ईसीसी८३ नावाचा व्हॉल्व्ह असतो. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. त्याचा वर्धनांक १००. आवाज मोठा करायच्या कामात तो इतका तरबेज की स्वतःच्या पोटात गुरगुरलेलंही तो प्रामाणिकपणे मोठं करून पुढे पाठवतो.

जुने रेडिओ मेकॅनिक आवाज ऐकूनच आजार सांगायचे. 'घुं' असा जाड आवाज आला तर तो हम: पन्नास किंवा शंभर हर्ट्झचा, विजेच्या तारेतून आलेला, अर्थिंगकडे बघा. 'चरचर', मधूनच 'फट्' असं आलं तर एखादा रेझिस्टर किंवा खोबणीतल्या पिना गंजलेल्या, नाहीतर व्हॉल्व्हचाच शेवट जवळ आलेला. पेन्सिलीच्या रबरानं काचेवर हलकं टकटक केल्यावर स्पीकरमधून 'टण्ण' असं उत्तर आलं तर व्हॉल्व्हच्या आतले पत्रे सैल आहेत; असा व्हॉल्व्ह मायक्रोफोनचं काम करतो, आणि शेजारून ट्रक गेला तरी गाणाऱ्या बाईच्या तानेत सामील होतो. मोबाइल अँपवर ठेवला असेल तर फोन वाजायच्या आधी 'टिट्टिटिट् टिट्टिटिट्' येतं. त्याला औषध म्हणजे मोबाइल उचलून दुसरीकडे ठेवणं. हे सगळे आजार बरे होतात. राहतं ते सलग, मऊ, न थकणारं 'सूं'. त्यावर रेडिओ मेकॅनिक म्हणायचा, "काका, हा असायचाच."

पण "असायचाच" हे उत्तर ज्याने प्रीअँपसाठी मुदत ठेव मोडली आहे त्याला चालत नाही.

खरं तर तो मेकॅनिक बरोबर होता आणि त्याच्या बाजूनं बरीच मोठी माणसं उभी आहेत. जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ सालीच दाखवून दिलं होतं की व्हॉल्व्हमधला प्रवाह एकसंध नसतोच. तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन एकेकटे, आपल्या मर्जीने सुटतात. कोण कधी सुटेल याचा हिशेब नाही, आणि ही बेशिस्त कानाला सूं अशी ऐकू येते. बरं, व्हॉल्व्ह काढून टाकला तर? दहा वर्षांनी, १९२८ साली, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी तीही वाट बंद केली. साधा रेझिस्टर, ज्याला दोन टोकं आणि एक किंमत एवढंच कर्तृत्व आहे, तो टेबलावर नुसता पडून असला तरी त्याच्या दोन टोकांत सतत बारीक विद्युतदाब थरथरत असतो. कारण उष्णता. ४७ किलोओहमचा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्टीत मिळून साधारण चार मायक्रोव्होल्ट आवाज करतो, म्हणजे एका व्होल्टचा अडीच लाखावा भाग. कुणी चुकीचा बनवला म्हणून नाही, कंपनी बदलून थांबत नाही, आणि सोन्याच्या पिना लावूनही थांबत नाही. थांबवायचा असेल तर उणे २७३ अंशापर्यंत जावं लागेल. जॉन्सन आणि नायक्विस्ट दोघेही मूळचे स्वीडनचे. उष्णतेनं डोकं उठतं हे सिद्ध करायला अशी थंड देशातली माणसंच लागतात.

हे मी आमच्या इंजिनिअर मित्राला सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "तरीच! डिसेंबरात सूं कमी असतं."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. पुण्यातली मे महिन्यातली दुपार ४० अंश, डिसेंबरातली पहाट १० अंश. निरपेक्ष तापमानात ३१३ आणि २८३. आवाजातला फरक निघाला अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी, जो कुठल्याही मनुष्यप्राण्याला ऐकू येत नाही. शिवाय अँपच्या डब्याच्या आत व्हॉल्व्ह तापल्यावर बाहेर डिसेंबर आहे की मे हे आतल्या रेझिस्टरला कळायचं काही कारण नाही. मित्रानं गणित तपासलं, बरोबर आहे म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "पण मला जाणवतं." यापुढे विज्ञानाला बोलायला जागा उरत नाही. पुण्यातली थंडी हा असाही वादाचा विषय नाही.

निसर्गनियमाशी भांडता येत नाही म्हटल्यावर माणूस बाजाराकडे वळतो. इथून पुढचा भाग खर्चिक आहे.

व्हॉल्व्हच्या बाजारात सगळ्यात मान 'जुन्या पण न वापरलेल्या' मालाला. म्हणजे साठ वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाला, गोदामात पडून राहिला आणि आता प्रकट झाला असा व्हॉल्व्ह. जर्मन टेलिफुंकनचा असेल तर बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेत उमटवलेला, पत्त्यांतल्यासारखा बारीक चौकट असतो. तो बघायला आमची मंडळी भिंग जवळ बाळगतात; डॉक्टरांकडे तर ते व्यवसायाचंच आहे. इंग्लंडमधल्या मुलार्डचा असेल तर काचेवर खाली करड्या रंगात कोरलेल्या अक्षरांचा संकेत वाचून तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या वर्षी जन्मला हे सांगता येतं. मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी झाली नव्हती, असं वहिनींचं म्हणणं आहे. काचेवरची छापील अक्षरं मात्र अंगठ्यानं घासली तरी निघतात, आणि जी निघतात ती कुणालातरी पुन्हा छापताही येतात. स्वस्तातल्या व्हॉल्व्हवर महागाचं नाव छापून विकण्याचा उद्योग जगभर नीट चालतो. गंमत अशी, की कमी आवाजाचा म्हणून मुद्दाम काढलेला ७०२५ नावाचा १२एएक्स७चा भाऊ अमेरिकेत खरोखरच होता. पण 'निवडक, कमी आवाजाचा' असा शिक्का आता प्रत्येक खोक्यावर असतो. बिननिवडक, जास्त आवाजाचा व्हॉल्व्ह विकणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

आपल्याकडेही व्हॉल्व्ह बनायचे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बेल, ही १९५४ सालची सरकारी कंपनी. रेडिओत तिचे व्हॉल्व्ह घरोघरी असायचे. आजच्या नव्या व्हॉल्व्हसाठी मात्र मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन हेच आधार. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर २०२२च्या मार्चमध्ये रशियातून व्हॉल्व्हची निर्यात अडकली, तेव्हा जग तेल आणि गव्हाची चिंता करत होतं. आमच्या रविवारच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "तुझ्याकडे ईसीसी८३ किती आहेत?" ज्याच्याकडे होते त्याने आकडा सांगितला नाही.

व्हॉल्व्ह बदलण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा असतो आणि तो मी मनापासून बघतो. आधी अँप बंद करून गार होऊ द्यायचा. घाईत असलेल्या माणसाला इथेच धडा मिळतो, कारण काच बराच वेळ हाताला चटका देण्याइतकी गरम राहते. मग रुमालानं कुपी धरायची. पिळायची नाही, पिळली की खालच्या नऊ पिना वाकतात. थोडी इकडे, थोडी तिकडे डुलवत, दाढ काढताना डुलवतात त्या बेतानं वर ओढायची. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसायच्या. नवा व्हॉल्व्ह पिनांमधली मोकळी जागा खोबणीतल्या मोकळ्या जागेसमोर आणून बसवायचा. नीट बसला की सूक्ष्म 'कुच' असा आवाज येतो, आणि यजमानाच्या तोंडून त्याहून सूक्ष्म 'हं'. डब्याचं झाकण उघडायची वेळ आलीच तर एक हात खिशात. हा जुन्या मेकॅनिकांचा नियम आहे आणि यात विनोद नाही. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. दोन्ही हात आत असले तर तो प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जातो. ज्याला हे काम येत नाही त्यानं झाकणाला हात लावू नये, खिशातला हातही नाही.

मग नवा व्हॉल्व्ह लागतो. पंखा बंद. फ्रीज बंद. "अहो, दूध..."

"कमी झालं?"

"झालंय बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

विकणाऱ्यानं सांगून ठेवलेलं असतं की शंभर तास चालू द्या, मगच खरं कळेल. ही शंभर तासांची कल्पना कुणी काढली असेल त्याला माल परत घ्यायची मुदत तोंडपाठ असणार. नवा व्हॉल्व्ह पहिले काही तास तापून स्थिरावतो हे खरं. पण शंभर तासांत व्हॉल्व्ह बदलतो त्यापेक्षा कान बदलतात. रोज ऐकून ऐकून माणसाला सूंची सवय होते आणि तो म्हणतो, "बघ, बसला!"

हा सगळा खटाटोप ज्या आवाजासाठी चालतो तो मुळात इतक्या मोठ्यानं ऐकू का येतो, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर स्पीकरमध्ये असतं आणि स्पीकर प्रिय असतो. साधा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आमच्या बँकवाल्या मित्राकडे भोंग्याचे स्पीकर आहेत, एका बंद पडलेल्या टॉकीजमधून आलेले. सिनेमा बोलायला लागला तेव्हा अँप्लिफायर बिचारे मोजक्या वॉटचे, आणि थिएटर हजार माणसांचं. म्हणून तेवढ्यातच गर्जना करणारे भोंगे बनवले गेले. असा भोंगा एका वॉटला १०४ डेसिबल देतो. फरक १७ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत मोजला तर सुमारे पन्नास पट. पडद्यावरच्या नायकाचा उसासा बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून केलेला हा भोंगा आता बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये, सोफ्यापासून आठ फुटांवर ठेवलेला आहे. नायकाचा उसासा जिथे पोचायचा तिथे जॉन्सनसाहेबांचे चार मायक्रोव्होल्टही पोचणारच. तोच प्रीअँप, तोच व्हॉल्व्ह साध्या स्पीकरला जोडला तर सूं शोधायला नातीलाही कष्ट पडतील.

भोंगे विका म्हणायची माझी छाती नाही. पण दुसरं एक दुखणं आहे, आणि त्यावर इलाज आहे.

सीडी प्लेअर पूर्ण जोरात असताना दोन व्होल्ट देतो. मोठ्या अँप्लिफायरला पूर्ण ताकदीनं वाजायला साधारण एक-दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे प्लेअर थेट जोडला तरी भागतं. मध्ये आपण बसवतो प्रीअँप, जो येईल ते दहापट करतो. दोन दाहे वीस व्होल्ट! एवढे घेऊन करणार काय? मग व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या आठाच्या पुढे सरकवायची सोय राहत नाही. नऊवर नेलं तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. टाकीतून भरपूर जोरानं येणारं पाणी नळ आवळून थेंबथेंब करायचं आणि त्या थेंबांना पुढे बूस्टर पंप लावायचा, असा हा कारभार. नळ आवळून संगीत कमी होतं. पंपाची घरघर नळाच्या पुढची, ती कमी होत नाही.

याचा दाखला प्रत्येकाला आपल्या घरी बसून मिळतो. काहीही न वाजवता व्हॉल्यूम शून्यावर न्या. सूं तसंच राहिलं तर ते बटणाच्या पुढच्या भागात तयार होतंय. बटणाबरोबर चढलं-उतरलं तर मागच्या भागात, म्हणजे प्लेअर किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या फोनो स्टेजमध्ये. पुढच्या भागात असेल तर सगळं बंद करून डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची अदलाबदल करा (दोन बाजूंना वेगवेगळे व्हॉल्व्ह असतील तर, काही प्रीअँपमध्ये एकाच कुपीत दोन्ही बिऱ्हाडं असतात). सूं व्हॉल्व्हबरोबर बाजू बदलून गेलं तर व्हॉल्व्ह दोषी, नवा घ्या, दुमत नाही. पण दोन्ही बाजूंना सारखं, सलग, मऊ असेल तर कुणीच दोषी नाही. जरुरीपेक्षा जास्त वाढवून ठेवलंय, इतकंच.

काही जण इथे ईसीसी८३ काढून ईसीसी८२ बसवतात. पिना तशाच, खोबणीत बसतो, वर्धनांक मात्र शंभराच्या जागी जेमतेम सतरा. वाजतोही. पण सर्किट ज्याच्यासाठी मोजूनमापून बांधलं त्याच्या जागी दुसऱ्याला बसवल्यावर काम कधी बरं होतं, कधी गाणं मलूल होतं. सरकारी खात्यांत बदल्यांनी जे होतं तेच.

खरा इलाज म्हणजे प्रीअँप आणि मोठा अँप यांच्यामध्ये सिग्नल दहा डेसिबलनं उतरवायचा. एका बाजूला दोन रेझिस्टर: २२ किलोओहम रांगेत, १० किलोओहम सिग्नल आणि जमीन यांच्यामध्ये. दोन बाजूंचे मिळून चार. मोठ्या अँपच्या अगदी तोंडाशी, मधली तार आखूड. यानं सूं विद्युतदाबात एक तृतीयांशावर येतं, कानाला साधारण निम्मं वाटतं, आणि संगीताचं काही जात नाही, कारण व्हॉल्यूमचं बटण आता आठावरून अकरावर आणून ते भरून काढता येतं. बटणाला फिरायला जागा मिळते हा वरचा फायदा. रेझिस्टर मेटल फिल्मचे घ्यावेत. जुन्या कार्बन कंपोझिशनच्या रेझिस्टरला स्वतःचीच जादा खरखर असते, ज्या आजारावर औषध द्यायचं तोच त्यात. किंमत विचाराल तर अप्पा बळवंत चौकाजवळच्या तपकीर गल्लीत दर नगाला रुपया-दोन रुपये.

आणि इथेच घोडं अडतं. इंजिनिअर मित्राला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं "रुपया?" असं विचारलं. किंमत ऐकूनच त्याचा विश्वास उडाला. ज्या आवाजासाठी जर्मनीहून व्हॉल्व्ह आला, पुण्यात अर्थिंगसाठी बागेत खड्डा झाला, त्याच्यावर रुपया-दोन रुपयांच्या चार काड्या लावायच्या? त्यानं लावल्या नाहीत. पुढे त्याच चार काड्या कुणीतरी ॲल्युमिनियमच्या दणकट डबीत, सोन्याचा मुलामा दिलेल्या सॉकेटसह, मखमलीच्या पेटीतून विकताना त्याला दिसल्या. त्या त्यानं घेतल्या. सूं निम्मं झालं. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती डबी दाखवतो. मी ती उघडून बघितली आहे. आत २२ आणि १० आहेत. हे त्याला सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

डॉक्टरांचं मात्र वेगळं दुखणं आहे. त्यांचा आवडता संग्रह म्हणजे जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर सुई टेकली की आधी लाटांसारखी खरखर येते, आणि त्या खरखरीतून खाँसाहेबांचा तो टोकदार आवाज वर येतो. तबकडीची खरखर इतकी की प्रीअँपचं सूं त्यात कुठे बुडून जातं ते भिंग लावूनही सापडणार नाही. पण डॉक्टर गाणं ऐकतात तेव्हा अगदी शांत असतात, आणि सुई उचलली रे उचलली की कान टवकारतात. त्यांना सूं ऐकू येतं ते दोन तबकड्यांच्या मधल्या वेळात. मी म्हटलं, "डॉक्टर, मधला वेळ कमी करा." ते म्हणाले, "तबकडी बदलायला वेळ लागतोच की." म्हटलं, "मग त्या वेळात बोला काहीतरी." तेव्हापासून ते तबकडी बदलताना राग, घराणं, साल सगळं मोठ्यानं सांगतात. सूं गेलं असा त्यांचा अनुभव आहे. नातही आता तिथे बसते.

आवाज कमी करण्याच्या या कुळाचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस आपल्याकडे राहून गेला, हे फार जणांना माहीत नसतं. रे डॉल्बी हे अमेरिकन तंत्रज्ञ १९६३ ते १९६५ युनेस्कोतर्फे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते. टेपवरचं सूं कसं मारावं हा विचार त्यांनी याच काळात केला, आणि १९६५ साली लंडनला जाऊन डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. कॅसेटच्या जमान्यात डेकवर जे 'डॉल्बी' बटण असायचं ते हेच, सूं दाबण्याचं. सबंध आयुष्य नको तो आवाज कमी करण्यात घालवलेल्या या गृहस्थाचं नाव महाराष्ट्रात विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या, खिडक्यांची तावदानं हलवणाऱ्या भिंतीला पडलं आहे, आणि पोलीस दरवर्षी डॉल्बीला बंदी घालतात. एवढा अन्याय जॉन्सन आणि नायक्विस्टवरही झाला नाही.

मात्र एक कबूल करायला हवं. गणपतीच्या त्या दहा दिवसांत आमच्या सगळ्या मंडळींना आराम असतो. गल्लीच्या टोकाला मंडप असतो, आणि संध्याकाळी सहापासून कुणालाही, कुठल्याही बाजूला, काहीही सूं येत नाही. पंखे सुरू राहतात, फ्रीज सुरू राहतात, दूध टिकतं. बँकवाल्यांच्या वहिनींनी तर मला विचारलं होतं, "भाऊजी, असं वर्षभर करता येईल का हो काही?"

करता येतं. गाणं ऐकायच्या खुर्चीत बसावं, पंखा रोजच्यासारखा चालू ठेवावा, फ्रीजला हात लावू नये, आणि तिथून ऐकू येत नसेल तर तो आवाज नाही असं धरावं. स्पीकरच्या तोंडाला कान लावून गाणं कुणी ऐकत नाही, तर सूं तरी का ऐकावं? खुर्चीतूनही येत असेल तर तपकीर गल्ली. तिथे एक व्यावहारिक सूचना. दुकानदाराला "दोन बावीस के आणि दोन दहा के द्या" असं म्हणू नका. तो वर बघतसुद्धा नाही. दोन्हींची शंभर-शंभरची पाकिटं घ्या, तरी हॉटेलातल्या दोन कॉफींपेक्षा कमीच जातील. चार वापरून एकशे शहाण्णव उरतील. ते मला देऊ करू नका, माझ्याकडे आहेत.